बारा आणि वर थोडं

मी रसायनशास्त्र उर्दूतून शिकले. हे सांगितलं की आजही समोरचा माणूस जरा थांबतो. काहींना वाटतं मी थट्टा करते. काहींना वाटतं माझ्यावर मोठा अन्याय झाला होता, आणि ते हळहळायला लागतात. दोघांनाही मी एकच सांगते. चांगलं शिकले, आणि जिनं शिकवलं तिच्याबद्दल वावगा शब्द ऐकून घेणार नाही.

आमचं घर नळदुर्गचं. रस्त्यालगत अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, धान्याचं दुकान होतं. पूर्वेला गेलं की हैदराबाद, पश्चिमेला गेलं की सोलापूर. सोलापूर इंग्रजांचं आणि आम्ही निजामाचे. घरात अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी, गल्लीत मराठी आणि शाळेत उर्दू, यात आम्हाला कधी काही विशेष वाटलं नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि हातात उर्दूचं पुस्तक अशी मी शाळेत जायची. आमच्यात मुलीला लिहिता-वाचता आलं की पुरे मानत. चौथी झाल्यावर अप्पांनी माझं दप्तर माळ्यावर टाकलं. मी शिडी लावून ते खाली काढलं आणि शाळेत जाऊन बसले. त्यांनी पुन्हा टाकलं, मी पुन्हा काढलं. शेवटी अव्वाच वैतागून म्हणाली, "ही शिडीवरनं पडून हातपाय मोडून घेईल. त्यापरीस जाऊ द्या की तिला शाळंत."

थोरल्या बहिणीला हैदराबादला दिलं होतं. तिला तिथं करमत नव्हतं, सोबत हवी होती, म्हणून मला धाडलं. सोबत म्हणून गेले आणि मॅट्रिक होऊन बसले. मग मुलींच्या कॉलेजात शास्त्र शाखेला नाव घातलं. अप्पांना कळवलं ते नाव घातल्यानंतर.

रसायन शिकवायला एक उस्तानी होत्या. पडदे लावलेल्या टांग्यातून यायच्या, पण एकदा प्रयोगशाळेत शिरल्या की पदर कमरेला खोचून कामाला लागायच्या. आम्लानं त्यांची बोटं पिवळी पडलेली असत. आवाज बारीक होता, तरी तासाला कुणाची चुळबुळ करायची छाती नव्हती.

कॉलेजात रसायनाची दोन पुस्तकं होती. जुन्यात कार्बनचं जौहरी वजन बारा दिलं होतं, नव्यात बारा पूर्णांक शून्य एक. जौहर म्हणजे अणू. मी दोन्ही पुस्तकं उघडून उभी राहिले.

"उस्तानीजी, दोन्हींतलं कौनसा सच है?"

माझ्या मराठीमिश्रित उर्दूला मागच्या बाकावर हसू फुटलं. शिवाय इतक्या बारीक फरकासाठी कुणी तास अडवतं का, असं काहींना वाटलं असावं. उस्तानींनी हसणाऱ्यांकडं पाहिलं मात्र, वर्ग गप्प झाला.

"अच्छा पूछी," त्या म्हणाल्या. त्यांनी शेगडीजवळची कोळशाची टोपली मागवली आणि ओंजळभर कोळसे टेबलावर ओतले. मग समजावून सांगितलं ते असं. या कोळशात कार्बन आहे, पण त्याचे सगळे अणू एका वजनाचे नाहीत. बहुतेक सारे बाराचे. शंभरात एखादा तेराचा. सगळ्यांची सरासरी काढली की येतात बारा आणि वर थोडं. जुन्या पुस्तकवाल्यांचे काटे तितके बारीक नव्हते, म्हणून त्यांनी बारावर सोडून दिलं.

"मग तो तेराचा कार्बन नव्हं का?" मी विचारलं.

"कार्बनच," त्या म्हणाल्या. अणूच्या गाभ्यात दोघांचेही प्रोटॉन सहाच. बाराच्या गाभ्यात न्यूट्रॉन सहा, तेराच्या गाभ्यात सात, एवढाच फरक. दोघंही टिकाऊ, आपोआप फुटून दुसरं काही होत नाहीत. जळतात तेही सारखेच, आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघांची जागा एकच. म्हणून त्यांना म्हणायचं हमजा. हम म्हणजे तीच, जा म्हणजे जागा.

त्या दिवशी घरी जाऊन मी बहिणीची शेगडी पेटवली आणि फुंकायची सोडून कोळशांकडं पाहत बसले. बहीण ओरडली, "अगं, चहा करायचाय का आरती?" मला हसू आलं, पण काहीतरी पक्कं झालं होतं. ज्याला आपण सगळे एकच समजतो त्याच्या आतलं असं कुणाला तरी मोजता येतं, आणि ते मलाही यायला हवं, हे पक्कं झालं होतं.

सत्तेचाळीस साल उजाडलं. हैदराबादेत रोज नवी आवई उठायची. रझाकारीचा जोर वाढत चालला होता, कॉलेज अर्धे दिवस बंद असायचं. परीक्षा तोंडावर आलेली असताना अप्पा मला न्यायला आले. मी म्हटलं, परीक्षा देऊन येते. ते म्हणाले, "जीव राह्यला तर परीक्षा." उस्तानींचा निरोप घ्यायला गेले तर त्या एवढंच बोलल्या, "पढ़ना नक्को छोड़ना." आणि माझ्या डोक्यावर आपला पिवळ्या बोटांचा हात ठेवला.

नळदुर्गला आले तर घरात लग्नाची बोलणी चाललेली. अक्कलकोटकडची मंडळी मला बघायला आली. मुलाचे चुलते पानाला चुना लावत म्हणाले, "हैदराबादला काय शिकलीस म्हनं?"

"रसायन."

"म्हंजी?"

"भाकरी करपली की काळी का पडती, ते."

"करपवायची कशापाई पण?"

सगळे हसले. मला राग आला. "करपवायची न्हाय. पण करपली तर त्यात काय उरलं, ते ठावं असावं माणसाला."

आतून अव्वाचा आवाज आला, "सुम्मनिरु!" म्हणजे गप्प बस. मी गप्प बसले, पण तोवर चुलते उठले होते. मंडळी चहाला थांबली नाहीत. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अव्वा मात्र भाकऱ्या थापता थापता हळूच म्हणाली, "काय उरतं गं खरंच?" मी म्हटलं, "कोळसा." ती म्हणाली, "एवढंच व्हय!" आणि तिचा विरस झालेला मला स्पष्ट दिसला.

पुढं आमच्या बाजूला राहणं कठीण झालं. पुष्कळ घरं सरहद्द ओलांडून जात होती. अप्पांनी दुकानाला कुलूप घातलं आणि आम्ही सोलापूरला मामांच्या घरी आलो. स्वतःच्या गावापासून बैलगाडीच्या पल्ल्यावर आम्ही निर्वासित झालो. मामांच्या माडीवर एका खोलीत आमचा संसार. लोक दया दाखवायचे आणि मला दयेचा तिटकारा यायचा.

सोलापूरला कॉलेज होतं आणि तिथं शास्त्र शाखा होती. मी मामांना घेऊन गेले. प्रवेशाचं काम रसायनाचे एक प्राध्यापक बघत होते. पांढरा सदरा, वर काळा कोट, बोलणं सौम्य. मी माझा दाखला पुढं केला. उर्दू लिपी बघून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे सगळं उर्दूतून शिकलात?"

"हो."

"इथं इंग्रजीतून शिकवतात."

"शिकेन."

दारात काही विद्यार्थी उभे होते. त्यांतला एक मोठ्यानं म्हणाला, "रझाकारांच्या भाषेत कसली केमिस्ट्री?" बाकीचे हसले. माझी कानशिलं तापली. मी वळून म्हटलं, "रझाकारांच्या भीतीनंच घर सोडून आलेय मी. भाषेनं मला घालवलं नाही."

प्राध्यापकांनी मुलांना घालवून दिलं. मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. माणूस प्रामाणिक होता. काही शब्द मला उर्दूतूनच येत होते, तेव्हा ते थांबून अर्थ विचारून घेत. कार्बनचं वजन विचारलं. मी म्हटलं, बारा आणि वर थोडं. ते वर थोडं का, ते विचारलं. मी सांगितलं. हमजा शब्द आला तेव्हा त्यांनी तो स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. "आयसोटोप," ते म्हणाले, "तोच अर्थ आहे. ग्रीक शब्द आहे तो." मला वाटलं, झालं आपलं काम.

ते म्हणाले, "तुम्हाला येतंय, यात शंका नाही. पण तिकडचं शिक्षण इथं धरता येणार नाही. मी तुम्हाला पहिल्या वर्षाला घेतो. फक्त अर्जात लिहा, की याआधी शास्त्राचं शिक्षण झालेलं नाही."

"झालंय की पण."

"ती फक्त सोय आहे. प्रश्न उठायला नकोत. दिवस कसे आहेत, बघताय तुम्ही."

मामा पटकन म्हणाले, "लिहिती, लिहिती. बस गं खाली, लिही."

मी बसले नाही. डोळ्यांपुढं त्या टेबलावरचे कोळसे होते आणि पिवळी बोटं. शिक्षण झालेलं नाही असं लिहायचं म्हणजे ती बाई नव्हतीच असं लिहायचं. मी म्हटलं, "पहिल्या वर्षाला बसेन. सगळं परत शिकेन. पण शिकले नाही असं लिहिणार नाही."

"हट्ट करताय तुम्ही."

"हो."

 त्यांनी माझा दाखला नीट घडी घालून परत दिला. "मग माझा इलाज नाही," म्हणाले.

रस्त्यानं मामा माझ्यावर तोंडसुख घेत होते. "लोकं कालिजच्या पायऱ्या चढाया तरसत्यात आन् तू आलेलं लाथाडतीस! आन् कशापाई? त्या शंभरातल्या एकापाई? त्यानं काय होतंय गं?"

तेव्हा मला उत्तर आलं नाही. आता येतं, म्हणून इथंच देऊन टाकते. पुढं मी शिक्षिका झाल्यावर असं झालं, की अणूंची वजनं मोजायला जगभर प्राणवायूचं माप धरत, पण रसायनवाल्यांचं माप वेगळं आणि पदार्थविज्ञानवाल्यांचं वेगळं. कारण प्राणवायूतही हलके-भारी मिसळलेले. मग दोघांनी मिळून ठरवलं, की बाराचा कार्बन, तेराचा नव्हे, निव्वळ बाराचा, त्याचा एक अणू म्हणजे बरोबर बारा. सोनं, लोखंड, पारा, सगळ्यांची वजनं आता त्याच्यावरून ठरतात. दुसरं सांगते. झाड हवेतला कार्बन घेतं तेव्हा त्याला हलका आधी भावतो, भारी कमी घेतलं जातं. पण सगळी पिकं सारखी नाहीत. ज्वारी, मका, ऊस यांची रीत एक. गहू, तांदूळ, तूर यांची दुसरी. बारा आणि तेरा यांचं प्रमाण काटेकोर मोजलं, तर मधात उसाचा पाक घातलाय का ते उघडं पडतं. उकरून काढलेल्या जुन्या हाडावरून तो माणूस ज्वारी खाणारा होता की गहू-तांदूळ, याचा अंदाज बांधता येतो. आमच्या भागातल्या माणसाला हे लपवताच येणार नाही. मामा आज असते तर त्यांना बसवून सांगितलं असतं, त्या शंभरातल्या एकानं काय होतं ते.

घरी मामांनी सगळी हकिकत अप्पांना सांगितली, वर तिखटमीठ लावून. मी मार खायच्या तयारीनं उभी होते. अप्पांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "शिकलीस का न्हाय तू तिथं?"

"शिकले."

"मग न्हाय शिकले म्हणून कशाला लिव्हायचं?" ते मामांकडं वळले. "पाव्हणं, म्या जल्मात मापात खोटं केलं न्हाय. पोरीला कशाला करा म्हनू?"

ज्या माणसानं माझं दप्तर माळ्यावर टाकलं होतं, तो हे बोलत होता. मी माडीवर जाऊन पोटभर रडले. ते वर्ष माझं गेलं. शिकलेलं विसरू नये म्हणून मी आठवून आठवून भिंतीला तोंड करून स्वतःलाच धडे सांगायची. मामी बायकांना सांगायच्या, पोरीला वारं लागलंय.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजामाचं राज्य संपलं. आम्ही नळदुर्गला परतलो. लोकांनी पेढे वाटले, अप्पांनी दुकान उघडलं. पण आता भीती मुसलमानांच्या घरांत शिरली होती. आमच्या गल्लीतली काही ओळखीची दारं बंद झाली ती पुन्हा उघडली नाहीत. त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मी एकदा बोलले तर शेजारचे एक आजोबा म्हणाले, "तुला लई पुळका त्यांचा." मी म्हटलं, "व्हय, हाय."

आणि मी हैदराबादला जायचं म्हटलं, राहिलेली परीक्षा द्यायला. गावात ज्याला त्याला नवल. "निजाम गेला, आता कशाला गं ते उर्दूतलं?" असं दुकानात कुणीतरी म्हणालं. मी पोत्यावर बसले होते, तिथूनच म्हटलं, "निजाम गेला. कार्बन गेला न्हाय." अप्पा मान खाली घालून हसले. या खेपेला त्यांनीच मला मोटारीत बसवून दिलं.

कॉलेज तेच होतं, पण निम्म्या मुली गेलेल्या. उस्तानी वाळल्या होत्या. त्यांच्या भावाचं बिऱ्हाड कराचीला निघून गेलं होतं, त्या गेल्या नव्हत्या. का, ते मी विचारलं नाही. मला बघून त्या इतकंच म्हणाल्या, "आ गई?" जणू मी मधल्या सुट्टीत बाहेर गेले होते.

यापुढं इंग्रजीतून शिकवायचं, असं ठरलं होतं. आमच्या वर्गाला मुभा होती, उर्दू किंवा इंग्रजी. बहुतेक मुलींनी इंग्रजी घेतलं. उस्तानींनीच मला बाजूला घेतलं. "तूभी अंग्रेजी में लिख. कल को नौकरी पूछेंगे, उर्दू देखे तो मुँह फेर लेंगे."

"फेरू देत," मी म्हटलं. "आपने अंग्रेजी में सिखाया क्या मुझे?"

 त्या खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "जिद्दी है गे तू." आणि त्या दिवसापासून रोज तास सुटल्यावर त्यांनी मला प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी शब्द पाठ करायला लावला. मीही केला. हट्ट वेगळा आणि आळस वेगळा. परीक्षा मात्र उर्दूतून दिली. पर्यवेक्षकांनी माझ्या कागदाकडं दोनदा वाकून पाहिलं, मी मान वर केली नाही. पास झाले. फार वरचा नंबर नव्हता, पण पास.

एकोणपन्नास साली धाराशिवच्या एका शाळेत शिक्षक हवे होते, तिथं गेले. मुख्याध्यापकांनी माझे कागद पाहिले. "बरं झालं आलात," म्हणाले. "मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवायला बाई हवीच होती."

"मला शिवण येत नाही. शास्त्राचा तास कोण घेतं?"

ते घुटमळले. शास्त्राचे मास्तर गाव सोडून गेले होते. जागा तशीच पडून होती.

"तो मी घेते."

"मोठी मुलं आहेत. बाईचं ऐकणार नाहीत."

"ते मी बघते."

"आणि शिकवणार कशात? उर्दू आता बंद."

"मराठीत. शब्द नसेल तिथं करीन."

दुसरं कुणी मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी मला घेतलं. यात माझ्या बोलण्याचा फार वाटा होता असं मी मानत नाही. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर समोर सगळे मुलगेच. मुली कुठं, विचारलं तर म्हणाले, त्यांना शास्त्र नसतं, त्या शिवणाला बसतात. मी खडू ठेवला, व्हरांडा ओलांडून शिवणाच्या वर्गात गेले. शिवणाचं काम तात्पुरतं एका वयस्क बाईंकडं होतं. मी मुलींना म्हटलं, "ज्यांना यायचंय त्यांनी चला." आधी कुणी हललं नाही. मग खिडकीजवळची एक उठली, तिच्यामागं आणखी दोघी, मग बाक सरकल्याचे आवाज सुरू झाले. मुलग्यांना मी सरकून बसायला सांगितलं. कुरकुरले, पण सरकले.

फळ्यावर अजून तारीखसुद्धा लिहून झाली नव्हती, तोच शिपाई आला. शिवणाच्या बाईंनी तक्रार केली होती आणि मुख्याध्यापकांनी मला ताबडतोब बोलावलं होतं. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

मी शिपायाला म्हटलं, "त्यांना सांगा, तास चालू आहे. संपला की येते."